मेंदूतली पाऊणकी

तेवीस गुणिले पाऊण किती, असे आज कुणाला विचारले तर हात आपोआप मोबाइलकडे जातो. १९५७ पूर्वी मराठी शाळेत चार यत्ता शिकलेला माणूस मात्र हातातले काम न थांबवता ‘सव्वासतरा’ म्हणून मोकळा होत असे. तेवीसला आधी तीनने गुणायचे आणि मग चारने भागायचे, या वाटेला तो जातच नसे. लहानपणी रोज संध्याकाळी घोकलेल्या पाऊणकीतून ते उत्तर थेट जिभेवर येई. डोक्याने विचार करायच्या आधी तोंडाने उत्तर दिलेले असे.

हे नेमके घडते कसे, याचा उलगडा मेंदूच्या अभ्यासकांना गेल्या शंभर वर्षांत हळूहळू होत आला आहे. त्यातून पुढे आलेली गोष्ट थक्क करणारी आहे. पाढे हे गणित असले, तरी मेंदू त्यांना पुष्कळसे भाषेच्या खात्यात ठेवतो. महाराष्ट्रातल्या पंतोजींना मेंदूची रचना ठाऊक असणे शक्यच नव्हते, पण त्यांनी बसवलेली पद्धत या रचनेशी फार जवळून जुळत होती.

आजच्या वाचकाला पाढे म्हटले की बे ते तीस आठवतात. जुन्या उजळणीत त्यांच्या जोडीला अपूर्णांकांचे पाढे असत. पावकी म्हणजे पावचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा. त्यापुढे सवायकी, दिडकी, अडीचकी आणि सगळ्यांत अवघड औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. पूर्णांकांचे पाढे पाठ झाले की मूल या डोंगरावर चढायला लागे. औटकी न अडखळता म्हणणारा मुलगा म्हणजे हुशार, हे अख्ख्या आळीने मान्य केलेले असे.

इतका खटाटोप कशासाठी? उत्तर बाजारात होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. वजनात नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर, आणि चाळीस शेरांचा मण. धान्य मापायला चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे मण आणि खंडी. पायल्यांचा मण मात्र मुलुखामुलखात बदले. ही बहुतेक व्यवस्था अर्ध्याच्या अर्ध्यावर उभी होती. तराजूच्या दोन पारड्यांत माल सारखा वाटून निम्मा करता येतो, निम्म्याचा पुन्हा निम्मा करता येतो; दहावा भाग असा काढता येत नाही. म्हणून व्यवहारात पाव, अर्धा, पाऊण सारखे भेटत, आणि ज्याला पावकी-पाऊणकी येत नाही तो बाजारात नागवला जाई.

ही सोळाची चाल फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक येते: वीस वराटकांची काकिणी, चार काकिण्यांचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. ग्रंथ पद्यात आहे, कारण तो पाठ करायचा होता. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद करणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे आपल्या मुलुखात कोष्टके आणि गणित मुखोद्गत करण्याची परंपरा आठशे वर्षांमागेही पक्की रुजलेली होती. विद्वानांच्या मठापासून कुणाच्या तरी ओसरीवर भरणाऱ्या पंतोजींच्या शाळेपर्यंत ती पोचली, तेव्हा संस्कृत श्लोकांची जागा मराठी तालाने घेतली.

पंतोजींची शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप, नाहीतर एखाद्या खात्यापित्या घराची पडवी. मुलाने आपली धूळपाटी घेऊन यायचे. लाकडी फळीवर विटकरीचा भुगा किंवा बारीक धूळ पसरायची, टोकदार काडीने आकडा काढायचा, हाताने पुसून पुन्हा काढायचा. कागद महाग होता, त्यामुळे लिहिलेले जपून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. जे काही टिकवायचे ते डोक्यातच टिकवावे लागे. पंतोजींना मेहनताना बहुधा धान्याच्या आणि शिध्याच्या रूपात मिळे. एक मोठा मुलगा पुढे उभा राहून ‘बे एके बे’ म्हणे आणि बाकीची पोरे एका सुरात त्याच्यामागून म्हणत. चुकणाऱ्याला छडी, नाहीतर अंगठे धरून उभे राहण्याची शिक्षा. त्या क्रूरपणाचे कौतुक करण्याचे काही कारण नाही. मारामुळे पाढे पाठ झाले नाहीत. ते झाले रोजच्या उजळणीमुळे आणि तालामुळे.

उजळणीचा खरा जोर होता संध्याकाळच्या परवच्यात. दिवा लागला, ‘शुभं करोति’ झाले, की पाढे, पावकी-निमकी, वार, तिथी, महिने, नक्षत्रे असा सगळा परवचा घरोघरी चाले. एकाच गोष्टीची रोज, ठरलेल्या वेळी, मोठ्याने, चार भावंडांच्या आवाजात मिसळून पुनरावृत्ती. आज शिकण्यावर संशोधन करणारी मंडळी विश्रांतीनंतर पुन्हा आठवण्यावर भर देतात. परवच्यात दिवसाच्या अंतराने पुन्हा आठवणे आयतेच होते.

त्या पाढ्यांची भाषा जरा जवळून ऐकण्यासारखी आहे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा, बे सक बारा. यातले ‘बे’, ‘त्रिक’, ‘चोक’, ‘सक’ रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. बाजारात ‘चोक आंबे द्या’ असे कुणी म्हणणार नाही. हे शब्द पाढ्यांसाठीच घासून गुळगुळीत झालेले आहेत. दोन ठोक्यांत प्रश्न आणि तिसऱ्यात उत्तर. ‘गुणिले’ नाही, ‘बरोबर’ नाही, एकही शब्द जास्तीचा नाही. त्यामुळे ‘सात आठे’ कानावर पडले की ‘छप्पन्न’ मागोमाग येतेच, आणि तीच ओळ मधूनच विचारली तर अनेकांना अजूनही ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागते. पाढ्याची साखळी मधूनच हाती येत नाही, ही अडचण ज्याने पाढे पाठ केले त्या प्रत्येकाने अनुभवली आहे.

१८२१ साली मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या सभासदाने लिहून ठेवले आहे की, या मुलुखात शाळा नसलेले गाव क्वचितच सापडेल, आणि इथला साधा शेतकरी किंवा छोटा दुकानदारही आपला हिशेब इंग्लंडमधल्या सामान्य माणसापेक्षा चोख ठेवतो. हा उतारा आपल्याकडे अभिमानाने उद्धृत केला जातो, आणि पंतोजींच्या हिशेबी शिक्षणाला मिळालेली ती खरी पावती आहे. पण १८२९ च्या सरकारी गणतीत इलाख्यातल्या सुमारे ४७ लाख लोकवस्तीत शाळा होत्या सुमारे १,७०० आणि विद्यार्थी सुमारे ३५ हजार. मुली जवळपास नव्हत्याच. ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांच्या मुलांना त्या पडवीची पायरी चढता येत नव्हती. पाऊणकी मूठभरांच्याच जिभेवर होती, हे अभिमानाच्या भरात विसरून चालणार नाही.

त्याचा परिणाम सावकाराच्या वहीत दिसे. ज्याला आणे-पैचे व्याज तोंडी काढता येते आणि ज्याला येत नाही, असे दोघे समोरासमोर बसले की वही कुणाच्या बाजूने बोलणार, हे उघड होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, तेव्हा त्यांचा पहिला रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. पुण्या-नगरच्या गावागावांत वह्यांच्या होळ्या झाल्या. कर्जबाजारीपणाची कारणे अर्थातच अनेक होती. तरीही जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना, प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब शिकवायलाच हवा असे मांडले, यामागे हा सगळा अनुभव होता. हिशेब येणे ही शेतकऱ्याच्या हातातली ढाल होती.

इकडे हिशेबाच्या शिक्षणाची ही मागणी आकार घेत होती, आणि पुढच्या काही दशकांत युरोपातले डॉक्टर एका वेगळ्याच कोड्यापाशी पोचले. मेंदूला इजा झालेले काही रुग्ण नीट बोलत, नीट वाचत, पण साधी बेरीज त्यांना जमेनाशी होई. १९२० च्या सुमारास स्वीडनच्या सालोमोन हेन्शेन यांनी अशा शेकडो रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि या अवस्थेला ‘अकॅल्क्युलिया’ हे नाव दिले. १९२४ मध्ये व्हिएन्नाच्या योझेफ गेर्स्टमान यांना त्याहून विचित्र गोष्ट आढळली. त्यांच्या रुग्णाला स्वतःची बोटे ओळखता येत नव्हती. कोणती मध्यमा आणि कोणती अनामिका, हे तिला सांगता येईना. पुढे अशा रुग्णांत बोटांबरोबर हिशेब, लेखन आणि डावे-उजवेपणाही बिघडलेला दिसू लागला. बोटांची पेरे मोजून हिशेब करणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना याचे नवल वाटले नसते! हा बिघाड मेंदूच्या पार्श्वभागी, कानाच्या वर-मागे असणाऱ्या पॅरायटल पाळीच्या खालच्या पट्ट्यात सापडला. संख्येची जाण याच परिसरात वसते, हे पुढे अनेक तपासण्यांतून पक्के होत गेले.

मग पाढे कुठे राहतात? स्टानिस्लास देहान आणि लोरां कोएन या फ्रेंच संशोधकांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांची तपशीलवार हकिगत प्रसिद्ध केली, तिच्याशी थोडे थांबायला हवे. एक होत्या निवृत्त शिक्षिका. डाव्या मेंदूच्या आतल्या भागात, भाषेच्या साखळ्या चालवणाऱ्या केंद्रांपाशी त्यांना इजा झाली होती. संख्या म्हणजे काय हे त्यांना उत्तम कळत होते. दोन आकड्यांत मोठा कोणता, त्यांच्या मधला कोणता, वजाबाकी किती, हे सगळे त्या बऱ्यापैकी करत. पण पाढे गेले होते. वर्गात उभे राहून ज्या बाईंनी आयुष्यभर मुले शिकवली, त्यांना साधा गुणाकार जुळेना. आणि पाढ्यांच्या जोडीने वर्णमाला, लहानपणची गाणी, प्रार्थना, असे जे जे पाठांतराने आलेले होते तेही तुटून गेले होते.

दुसऱ्या रुग्णाची इजा पॅरायटल पाळीच्या खालच्या भागात होती आणि त्याचे चित्र बरोबर उलटे होते. पाठ केलेले गुणाकार तो बरेचसे म्हणू शके, आकडे वाचू आणि लिहू शके. मात्र दोन आणि चार यांच्या मधली संख्या कोणती, या प्रश्नावर तो गोंधळून जाई. आठवड्याच्या दोन वारांमधला वार किंवा दोन अक्षरांमधले अक्षर तो सहज सांगे. मधले म्हणजे काय हे त्याला समजत होते. हरवला होता तो संख्येचा आवाका.

एकीचे पाढे गेले आणि संख्या राहिली, दुसऱ्याची संख्या गेली आणि पाढे राहिले. याचा अर्थ मेंदूत या दोन्हींचे रस्ते वेगवेगळे आहेत. एक रस्ता जन्मजात म्हणावा असा. सहा महिन्यांचे बाळसुद्धा आठ ठिपके आणि सोळा ठिपके यांतला फरक ओळखते, हे फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००० साली दाखवले. दुसरा रस्ता शिकून घडवावा लागतो, आणि तो श्लोक, आरती, बाराखडी यांच्याच शेजारून जातो. परवच्यात ‘शुभं करोति’ आणि पाऊणकी एकामागून एक म्हटली जात, त्या जोडीला मेंदूतही आधार सापडतो.

भाषेशी असलेले हे नाते आणखी एका प्रयोगात उघड झाले. स्पेल्की आणि सॅना त्सिव्हकिन यांनी रशियन आणि इंग्रजी दोन्ही उत्तम येणाऱ्या तरुणांना नव्या बेरजा शिकवल्या, काही एका भाषेत तर काही दुसऱ्या भाषेत. नेमके उत्तर हवे असेल तेव्हा ज्या भाषेत शिकले त्या भाषेत ते चटकन सांगत आणि दुसऱ्या भाषेत अडखळत. अंदाजे उत्तर विचारले की भाषेचा फरक पुसला जाई. चाळीस चाळीस वर्षे परदेशात काढलेली मराठी मंडळी दुकानात इंग्रजी बोलतात आणि सुटे पैसे मोजताना ओठांतल्या ओठांत मराठीवर येतात, यामागचे कारण हेच असावे.

पाठांतराने मेंदूत होणारा बदल प्रत्यक्षही पाहिला गेला आहे. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक येथे मार्गारेटे डेलाझर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रौढांना काही अवघड गुणाकार घोटून पाठ करायला लावले. नवे गुणाकार करताना त्यांच्या पॅरायटल पाळीतल्या संख्याकेंद्रांवर ताण दिसे. पाठ झालेल्या गुणाकारांत हा भार उतरून डाव्या बाजूच्या भाषेलगतच्या अँग्युलर गायरसकडे सरकला. अमेरिकेत स्टॅनफर्डला २०१४ मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. त्यात मुले बोटांवर मोजणे सोडून बेरजा आठवून सांगू लागली, तसतसा स्मृतीचे दार असलेला हिप्पोकॅम्पस अधिक कामाला लागला आणि कपाळामागचा, विचार करणारा भाग थोडा मोकळा झाला. घोकंपट्टीचे खरे दान हे आहे. घोकलेले आपसूक होते आणि विचाराला जागा मिळते.

घोकंपट्टीच्या मर्यादाही इथेच दिसतात. भाषेच्या साखळीत ठेवलेल्या गोष्टी एकमेकींत गुंततात. सात आठे विचारल्यावर चुकणारा माणूस सहसा शेजारच्या घरातले उत्तर देतो, सातच्या किंवा आठच्या पाढ्यातलेच. तीन चोक सात, हे चूक ओळखायला क्षणभर जास्त वेळ लागतो, कारण तीन आणि चारांची बेरीज आतून हात वर करते. आणि ज्याला फक्त साखळी येते, संख्येचा आवाका नाही, तो उत्तर देतो पण त्याचा अर्थ त्याला उमगत नाही. पंतोजींच्या शाळेतून अशीही बरीच मुले बाहेर पडली असणार.

मराठीत आणखी एक अडथळा आहे. आपण त्रेपन्न म्हणतो तेव्हा तीन आधी बोलतो आणि पाच आधी लिहितो. जर्मन भाषेतही असेच उलटे आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना ऐकलेले आकडे लिहायला सांगितले, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी निगडित निघाल्या. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर, विधिमंडळातसुद्धा, वादळ उठले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की, जोडाक्षरी उलटे शब्द लहान मुलांना गणिताची धास्ती घालतात. टीका करणाऱ्यांना भाषा मोडते आहे असे वाटले. मेंदूविज्ञान पाहता नारळीकर यांच्या काळजीत तथ्य होते. पण पाढ्यांचा ताल ‘बहात्तर’, ‘छप्पन्न’ या घट्ट शब्दांवरच उभा आहे, हेही खरेच. शिकण्याच्या पहिल्या पायरीवर सरळ वाचन आणि परवच्याला जुने शब्द, असे दोन्ही एकत्र नांदू शकतात.

अपूर्णांकांच्या पाढ्यांना मात्र कुणा समितीने हटवले नाही. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून किलो आणि ग्रॅम आले, आणि १९६० च्या दशकात शेर-मण कायद्याने बाजारातून गेले. दशमान पद्धत सोपी होती, देशाला एका मापात बांधणारी होती, ती यायलाच हवी होती. पण पावली गेली, अच्छेर गेला, आणि त्यांच्या आधाराने जगणारी पाऊणकी निराधार झाली. अंकलिपीच्या पुस्तकांत ती आजही छापलेली असते. म्हणणारी तोंडे मात्र फार थोडी उरली आहेत. सध्या गावोगावी अबॅकसचे वर्ग चालतात. त्यांत मूल मणी डोळ्यांपुढे आणून, हवेत बोटे हलवून हिशेब करते. जपानमध्ये अबॅकसच्या जाणकारांवर झालेल्या अभ्यासात दिसले की, हिशेब चालू असताना मधेच साधे प्रश्न विचारले तरी त्यांचा हिशेब बिघडत नाही. त्यांच्या मेंदूने भाषेचा रस्ता सोडून नजरेचा रस्ता धरलेला असतो. ही वेगळी आणि चांगली कला आहे. पण ती पाढ्यांची जागा घेत नाही.

पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी यांचे शब्द, चाल आणि ठेका जिल्ह्याजिल्ह्यांत थोडे थोडे निराळे होते. छापील अंकलिपीत आकडे आहेत, चाल नाही. मेंदू जे धरून ठेवतो ते नेमके चालीत असते. ज्यांनी हे पाढे शाळेत म्हटले ते आज पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. घरात असे कुणी आजी-आजोबा असतील तर त्यांना या आठवड्यातच औटकी म्हणायला सांगा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, गावाचे आणि शाळेचे नाव जोडून जवळच्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागात द्या.